की-व्हॅल्यू डेटास्टोअरमध्ये किल्ल्या आणि नातेसंबंध कसे आखावेत

रिलेशनल डेटाबेसवर काही वर्षे काम केलेल्या माणसाला टेबले आखण्याची एक ठरावीक सवय लागलेली असते. आधी वस्तू ओळखायच्या, प्रत्येकीचे वेगळे टेबल करायचे, पुनरुक्ती काढून टाकायची आणि पुढे कोणते प्रश्न विचारले जातील याची काळजी जॉइन (वाचताना टेबले जोडणे) आणि इंडेक्स (शोधसूची) यांच्यावर सोपवून द्यायची. सवय चांगलीच आहे, पण क्लाउडमधल्या की-व्हॅल्यू डेटास्टोअरमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक नोंद एका किल्लीखाली साठवतात आणि तिच्यावरूनच शोधतात तिथे, ती जशीच्या तशी नेली, तर थोड्या डेटावर सगळे सुरळीत चालते आणि डेटा वाढला की एकेक पान उघडायला दहा-दहा क्वेरी लागू लागतात. इथे जॉइन नाही. नाते वाचताना जोडता येत नसल्यामुळे ते लिहितानाच किल्लीत बांधून ठेवावे लागते, आणि म्हणूनच किल्लीची आखणी हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. मराठीत ‘की’ हे उभयान्वयी अव्यय आहे, त्यामुळे सुटा शब्द म्हणून मी ‘किल्ली’ लिहितो. ‘पार्टिशन की’ आणि ‘सॉर्ट की’ हे जोडशब्द मात्र कामाच्या ठिकाणी बोलतो तसेच ठेवले आहेत. मुख्य विवेचन ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीला धरून आहे. ॲझ्युर टेबल स्टोरेज आणि गूगलच्या फायरस्टोअरचा डेटास्टोअर मोड यांच्यातले कळीचे फरक शेवटाकडे दिले आहेत.

## यंत्राला स्वस्तात काय जमते

डायनॅमोडीबीतील प्रत्येक नोंदीची प्राथमिक किल्ली बहुधा दोन भागांची असते. पहिला भाग म्हणजे पार्टिशन की. तिचा हॅश (मूल्यावरून गणिताने काढलेला, विखुरलेला आकडा) काढून नोंद कोणत्या भौतिक पार्टिशनवर, म्हणजे साठवणीच्या तुकड्यावर, जाईल ते ठरते. दुसरा भाग म्हणजे सॉर्ट की. एकच पार्टिशन की असलेल्या नोंदी सॉर्ट कीच्या क्रमाने एकमेकींना लागून ठेवल्या जातात. या मांडणीमुळे दोनच कामे स्वस्त होतात: पूर्ण किल्ली देऊन एक नोंद आणणे, आणि एका पार्टिशन कीखालचा सलग पट्टा आणणे. या दोहोंत न बसणाऱ्या प्रश्नासाठी शेवटी स्कॅन करावा लागतो, म्हणजे सगळे टेबल वाचावे लागते. आखणीचे सारे कौशल्य इतकेच, की आपला प्रत्येक नेहमीचा प्रश्न या दोनांपैकी एका रूपात बसवायचा.

फिल्टर हा यावरचा उपाय नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. क्वेरीला लावलेला फिल्टर नोंदी वाचून झाल्यानंतर चालतो. एका फेरीत जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचला जातो, फिल्टर त्यातल्या नको असलेल्या नोंदी टाकून देतो, पण पैसे वाचलेल्या सगळ्या डेटाचे लागतात. एखाद्या फेरीत सगळ्याच नोंदी गळून रिकामे पान परत येते आणि तरीही पुढची पाने शिल्लक असतात, असेही घडते. म्हणून उत्तराचे पान रिकामे आहे एवढ्यावरून डेटा संपला असे समजू नये. पुढच्या पानाची खूण परत आली आहे का ते पाहावे.

## पायरी १: प्रश्नांची यादी

कोड लिहायचा एडिटर उघडण्याआधी कागद घ्यावा. उदाहरणासाठी एका ग्रंथालयाची देवघेव घेऊ: सभासद, शीर्षके, प्रत्येक शीर्षकाच्या अनेक प्रती, लेखक, देवघेव आणि राखीव मागण्या. ‘सभासदाला अनेक देवघेवी असतात’ अशी वाक्ये लिहून इथे फार काही हाती लागत नाही. लिहायचे ते प्रश्न, आणि तेही ज्या क्षणी जो माणूस ते विचारतो त्याच्या भाषेत.

सभासद खिडकीशी आला, तर त्याच्या क्रमांकावरून त्याची माहिती आणि सध्या त्याच्याकडे असलेली पुस्तके हवीत. त्याने मागितला तर जुना इतिहास हवा, नवे आधी. शीर्षक उघडले की त्याची माहिती आणि सर्व प्रती एकदम दिसायला हव्यात. प्रतीवरचा बारकोड वाचला की ती कोणाकडे आहे ते कळायला हवे. रोज सकाळी मुदत उलटलेल्या देवघेवींची यादी हवी. एखाद्या शीर्षकासाठी राखीव मागण्यांची रांग हवी. लेखकाची सर्व पुस्तके आणि पुस्तकाचे सर्व लेखक, अनुवादक हवेत. ई-मेलवरून सभासद सापडायला हवा, आणि एका ई-मेलवर दोन सभासद होता कामा नयेत.

प्रत्येक प्रश्नापुढे चार गोष्टी लिहाव्यात: विचारताना हातात काय असते, उत्तर कोणत्या क्रमाने हवे, उत्तरात साधारण किती नोंदी येतील, आणि उत्तर किती ताजे हवे. शेवटची गोष्ट लोक सहसा विसरतात. मुदत उलटलेल्यांची यादी काही सेकंद शिळी असली तरी काही बिघडत नाही. प्रत मोकळी आहे की नाही याचे उत्तर मात्र शिळे चालणार नाही. कोणता प्रश्न मूळ टेबलावर ठेवायचा आणि कोणता इंडेक्सवर पाठवायचा, ते पुढे यावरूनच ठरते.

## पायरी २: पार्टिशन की

पार्टिशन कीचे मूल्य असे हवे की ते प्रश्न विचारताना हातात असते, त्याची वेगवेगळी मूल्ये भरपूर असतात आणि भार त्यांच्यावर बऱ्यापैकी समान पडतो. सभासद क्रमांक आणि शीर्षक क्रमांक या कसोट्यांवर उतरतात. ‘चालू/बंद’ अशी स्थिती, शाखेचे नाव किंवा आजची तारीख उतरत नाही, कारण आजचे सगळे लेखन एकाच किल्लीवर येऊन आदळते.

या आदळण्याला आकड्यांची मर्यादा आहे. एक भौतिक पार्टिशन सेकंदाला ३,००० वाचन एकके आणि १,००० लेखन एकके झेलते. एक लेखन एकक म्हणजे १ केबीपर्यंतच्या नोंदीचे एक लेखन. एक वाचन एकक म्हणजे ४ केबीपर्यंतचे एक पूर्ण ताजे वाचन, किंवा थोडे शिळे चालत असेल तर तशी दोन वाचने. भार वाढला की सेवा पार्टिशन फोडून तो वाटून देते, पण एकाच नोंदीवरचा भार फोडता येत नाही. ‘आजवरच्या एकूण देवघेवी’ असा एकच मोजणी-आकडा एका नोंदीत ठेवून प्रत्येक देवघेवीला तो वाढवत राहिले, तर संपूर्ण यंत्रणेचा वेग त्या एका नोंदीच्या वेगाएवढा होऊन बसतो.

## पायरी ३: सॉर्ट की

सॉर्ट की म्हणजे पत्ता समजावा, व्यापक भाग आधी आणि नेमका भाग शेवटी. मधे एक विभाजक लागतो आणि तो मूल्यांत कधीही येणार नाही असाच निवडावा. प्रघात # या चिन्हाचा आहे. अशी किल्ली असली की ‘अमुक अक्षरांनी सुरू होणाऱ्या’ किंवा ‘या आणि त्या मूल्यांच्या दरम्यानच्या’ नोंदी सलग उचलता येतात.

मजकुराचा क्रम लागतो तो यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) बाइटांच्या मूल्यांनुसार. सॉर्ट की मजकूर असेल तर ‘प्रत#१०’ ही ‘प्रत#२’च्या आधी येते, म्हणून आकडे डावीकडे शून्ये भरून ठरावीक लांबीचे करावेत: ‘प्रत#०००२’, ‘प्रत#००१०’. शून्ये भरताना आजच्या गरजेच्या दोन अंक पुढचा विचार करावा. तारखा आयएसओ ८६०१ पद्धतीने, वर्ष-महिना-दिवस अशा आणि सगळ्या यूटीसी वेळेत लिहाव्यात. एकाच टेबलात दोन काळपट्टे मिसळले की क्रम बिघडतो आणि तो बिघडल्याचे कुठेही त्रुटी म्हणून दिसत नाही.

या लेखातली उदाहरणे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष टेबलात उपसर्ग रोमन लघुरूपांत ठेवावेत. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, तर सॉर्ट कीची मर्यादा १,०२४ बाइट आणि पार्टिशन कीची २,०४८ बाइट आहे. त्याहून गंभीर बाब अशी की पुस्तकाचे किंवा माणसाचे मराठी नाव हे किल्ली म्हणून भरवशाचे नसते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकावर दोन रीतींनी साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी हे दोन क्रम एक होत नाहीत. वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेले एकच नाव त्यामुळे दोन किल्ल्या तयार करते. किल्लीत क्रमांक ठेवावा आणि नाव ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे नोंदीतल्या किल्लीबाहेरच्या रकान्यात, हे म्हणूनच बरे.

आणखी एक पथ्य: प्राथमिक किल्लीतले मूल्य नंतर बदलता येत नाही, जुनी नोंद काढून नवी घालावी लागते. म्हणून त्या वस्तूच्या आयुष्यात न बदलणारी गोष्टच किल्लीत असावी. पत्ता, फोन, स्थिती, मुदतीची तारीख यांची जागा ॲट्रिब्यूटमध्ये आहे.

## पायरी ४: नाती बांधणे

सर्वांत साधे नाते म्हणजे एका वस्तूच्या पोटातल्या मोजक्या गोष्टी. सभासदाचे दोन पत्ते किंवा तीन फोन यांना वेगळी नोंद कशाला? त्याच नोंदीत यादी म्हणून ठेवावेत. एका नोंदीची मर्यादा, ॲट्रिब्यूटच्या नावांसकट, ४०० केबी आहे. ती गाठण्याच्या खूप आधी प्रत्येक छोटे लेखन महाग होऊ लागते, कारण एक अक्षर बदलले तरी आकार संपूर्ण नोंदीचा धरला जातो. ज्याच्या वाढीला अंत नाही ते यादीत ठेवू नये.

एकास-अनेक नात्यात ‘अनेक’ बाजूच्या नोंदी ‘एक’च्या पार्टिशन कीखाली बसवाव्यात. आपल्या शीर्षकाची आणि सभासदाची मांडणी अशी होते (पीके म्हणजे पार्टिशन की, एसके म्हणजे सॉर्ट की):

पीके: शीर्षक#३१७ — एसके: प्रत#०००१
पीके: शीर्षक#३१७ — एसके: प्रत#०००२
पीके: शीर्षक#३१७ — एसके: माहिती
पीके: शीर्षक#३१७ — एसके: राखीव#सभासद#२२०९
पीके: शीर्षक#३१७ — एसके: लेखक#८८

पीके: सभासद#१०४२ — एसके: इतिहास#(परतीची पूर्ण वेळ)#२०५-०००१
पीके: सभासद#१०४२ — एसके: चालू#३१७-०००२
पीके: सभासद#१०४२ — एसके: माहिती

या क्रमाकडे नीट पाहावे, कारण उपसर्गांचा वर्णानुक्रम इथे काम करतो आहे. शीर्षकाच्या पार्टिशनमध्ये प, म, र, ल असा क्रम लागतो. म्हणून ‘प्रत#’ ते ‘माहिती’ असा पट्टा मागितला की सर्व प्रती आणि शीर्षकाची माहिती एकाच क्वेरीत येते, राखीव मागण्या आणि लेखक बाहेर राहतात. सभासदाच्या पार्टिशनमध्ये इ, च, म असा क्रम आहे. ‘चालू#’ ते ‘माहिती’ हा पट्टा खिडकीवरच्या पहिल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देतो आणि वर्षानुवर्षांचा इतिहास वाचला जात नाही. इतिहास हवा असेल तेव्हा ‘इतिहास#’ने सुरू होणाऱ्या नोंदी उलट्या क्रमाने मागवाव्यात. उपसर्ग रोमन केले की हा क्रम बदलेल, तेव्हा लघुरूपे निवडताना कोणत्या नोंदी शेजारी यायला हव्यात ते पुन्हा तपासावे.

इथे एक रास्त शंका येईल: ‘चालू’ आणि ‘इतिहास’ ही स्थितीच आहे, आणि स्थिती किल्लीत नको असे आत्ताच तर म्हटले. हा अपवाद मी विचारपूर्वक केला आहे. एकच ‘देवघेव#’ उपसर्ग ठेवून स्थिती फिल्टरने गाळली, तर ९०० जुन्या देवघेवी असलेल्या सभासदासाठी, एक नोंद ३०० बाइटांची धरली तरी, दर वेळी २,७०,००० बाइट वाचले जातात. म्हणजे ४ केबीचे ६६ तुकडे, शिळ्या वाचनात ३३ एकके. ‘चालू’चा वेगळा पट्टा असेल तर हेच काम अर्ध्या एककात होते. परतीच्या वेळी एक नोंद काढून दुसरी घालावी लागते खरी, पण परती प्रत्येक देवघेवीची एकदाच होते आणि खिडकीवरचे वाचन सतत चालू असते.

अनेकास-अनेक नाते, म्हणजे लेखक आणि शीर्षके, यात नाते हीच स्वतंत्र नोंद असते. ‘शीर्षक#३१७’खाली ‘लेखक#८८’ ही नोंद त्या जोडीची आहे आणि भूमिका (लेखक, अनुवादक, संपादक) तिच्यातच ठेवावी. पुस्तकावरून लेखक लगेच मिळतात. उलट दिशेसाठी ग्लोबल सेकंडरी इंडेक्स (त्याच नोंदींची वेगळ्या पार्टिशन की आणि सॉर्ट कीने लावलेली दुसरी मांडणी) लागतो, आणि इथे अनेक लेखांत सुचवला जाणारा सोपा मार्ग, म्हणजे पीके आणि एसके यांची सरळ अदलाबदल करून इंडेक्स करणे, मी टाळायला सांगेन. तसे केले की टेबलातल्या प्रत्येक शीर्षकाची आणि प्रत्येक सभासदाची ‘माहिती’ नोंद इंडेक्समध्ये ‘माहिती’ या एकाच पार्टिशन कीखाली गोळा होते, आणि जे टाळायला पायरी २ लिहिली तेच मागच्या दाराने आत येते. इंडेक्ससाठी वेगळी दोन ॲट्रिब्यूट ठेवावीत, समजा इंपीके आणि इंएसके, आणि ज्या नोंदी त्या इंडेक्समध्ये हव्यात त्यांच्यावरच ती भरावीत. ज्या नोंदीत इंडेक्सची किल्ली नाही ती इंडेक्समध्ये जातच नाही.

जोडनोंदीत शीर्षकाचे नाव आणि लेखकाचे नाव यांची नक्कल ठेवावी का? माझे उत्तर होय असे आहे. ती न ठेवल्यास लेखकाच्या ६० पुस्तकांची यादी दाखवायला ६० वेगळी वाचने लागतात, आणि पुस्तकाचे नाव छापून आल्यावर सहसा बदलत नाही. क्वचित बदलले तर टेबलाच्या स्ट्रीमवरून (टेबलातल्या बदलांच्या प्रवाहावरून) ते टिपून नकला दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम पुरतो. ‘सध्या उपलब्ध प्रती’सारखा सतत हलणारा आकडा मात्र अशा नकलांत कधीही ठेवू नये.

राखीव मागण्यांवर थोडे थांबतो, कारण इथे मी स्वतः चुकलो होतो. रांग म्हणजे वेळेचा क्रम, म्हणून एका प्रकल्पात मी सॉर्ट की ‘राखीव#वेळ#सभासद’ अशी ठेवली. क्रम सुरेख लागत होता. काही आठवड्यांनी असे आढळले की एकाच सभासदाचे नाव एकाच रांगेत दोनदा येते आहे, कारण दुसऱ्यांदा मागणी केल्यावर वेळ वेगळी, म्हणून किल्ली वेगळी, आणि म्हणून ‘ही नोंद आधीपासून नसेल तरच घाल’ ही अट कधी अडवतच नव्हती. किल्ली क्रम देते आणि अद्वितीयताही देते, पण वेळ किल्लीत शिरली की अद्वितीयता जाते. तेव्हापासून मी ‘राखीव#सभासद#२२०९’ अशी किल्ली ठेवतो, वेळ ॲट्रिब्यूटमध्ये लिहितो आणि रांग प्रोग्रॅममध्ये लावून घेतो. रांगेत हजारो माणसे असती तर हे चालले नसते. काही डझन असतील तर निश्चित चालते.

ई-मेलची अद्वितीयता हीसुद्धा किल्लीनेच राखावी लागते, कारण इतर ॲट्रिब्यूटवर अशी अट घालण्याची सोय नाही आणि इंडेक्स अद्वितीयता तपासत नाही. ई-मेलची स्वतःची एक छोटी नोंद करावी, पीके ‘ईमेल#’ आणि पुढे लहान लिपीत आणलेला, मागेपुढे मोकळ्या जागा नसलेला पत्ता. तिच्यात सभासद क्रमांक ठेवावा. सभासद घालताना दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते किंवा काहीच होत नाही अशा गठ्ठ्यात) घालाव्यात आणि दोन्हींवर ‘आधीपासून नसेल तरच’ ही अट लावावी. ई-मेल बदलताना जुनी नोंद काढणे, नवी घालणे आणि सभासदाची माहिती सुधारणे ही तिन्ही कामे एकत्र व्हायला हवीत.

## पायरी ५: इंडेक्स

बारकोडवरून प्रत शोधायची आहे. बारकोडचा नमुना ठरवणे आपल्या हातात असेल तर इंडेक्स लागतच नाही: ‘३१७-०००२’ या बारकोडवरून शीर्षक आणि प्रत, दोन्ही किल्ल्या सरळ काढता येतात. बारकोड बाहेरून छापून येत असतील तर त्यांच्यासाठी इंडेक्स करावा. ग्लोबल सेकंडरी इंडेक्सचे वाचन नेहमी किंचित शिळे असू शकते, पूर्ण ताजे वाचन त्यावर मागताच येत नाही. म्हणून इंडेक्सवरून फक्त मूळ किल्ली मिळवावी आणि प्रत मोकळी असल्याची खात्री मूळ नोंदीवर अट लावून करावी.

मुदत उलटलेल्यांसाठी ‘चालू#’ नोंदींवर इंएसके म्हणून मुदतीची तारीख आणि इंपीके म्हणून ‘मुदत#०’ असे ठरावीक मूल्य ठेवावे. ‘आजच्या आधीची तारीख’ एवढीच क्वेरी मग पुरते, आणि पुस्तक परत आले की ‘चालू’ नोंद निघून जाते, तिच्याबरोबर ती इंडेक्समधूनही आपोआप जाते. मुदत वाढवून दिली तर तारीख बदलते, पण इंडेक्सची किल्ली असलेले ॲट्रिब्यूट बदलायला हरकत नसते; जुनी जागा सोडून नवी घेण्याचे काम सेवा करते आणि त्याची लेखन एकके मोजते.

एकच ‘मुदत#०’ म्हणजे सगळा भार एका किल्लीवर, हे खरे आहे. ग्रंथालयाच्या देवघेवी सेकंदाला हजाराच्या आसपासही जात नसल्याने एक पुरते. जिथे जातात तिथे सभासद क्रमांकाच्या हॅशवरून ‘मुदत#०’ ते ‘मुदत#९’ असे दहा भाग करावेत आणि वाचताना दहा क्वेरी समांतर चालवून निकाल एकत्र करावेत. गरज नसताना हे करू नये. प्रत्येक वाचन कायमचे दहापट क्वेरींचे होऊन बसते. इंडेक्सची लेखनक्षमता तोकडी पडली तर मूळ टेबलाचे लेखनही अडते, हेही ध्यानात असावे.

लोकल सेकंडरी इंडेक्स (पार्टिशन की तीच, सॉर्ट की वेगळी) टेबल तयार करतानाच ठरवावे लागतात, पाचाहून जास्त होत नाहीत, आणि ते असले की एका पार्टिशन कीखालचा डेटा १० जीबीपुढे जाऊ शकत नाही. मी ते टाळतो.

## पायरी ६: लेखनाची वाट

पुस्तक देण्याचा प्रसंग घेऊ. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तीन गोष्टी होतात. ‘शीर्षक#३१७ / प्रत#०००२’ या नोंदीत ‘धारक’ हे ॲट्रिब्यूट नसेल तरच तिथे सभासद क्रमांक लिहिला जातो. ‘सभासद#१०४२ / माहिती’ मध्ये हातातील पुस्तकांची संख्या मर्यादेहून कमी असेल तरच ती एकाने वाढते. ‘चालू#३१७-०००२’ ही नोंद आधीपासून नसेल तरच घातली जाते. एकही अट मोडली तर काहीच लिहिले जात नाही, आणि कोणती अट मोडली ते उत्तरात कळते, त्यामुळे ‘प्रत दुसऱ्याकडे आहे’ आणि ‘मर्यादा संपली’ हे दोन वेगळे संदेश दाखवता येतात.

ट्रान्झॅक्शनमध्ये १०० पर्यंत कृती बसतात, एकूण आकार ४ एमबीपर्यंत चालतो, आणि एकके नेहमीच्या दुप्पट लागतात. प्रत्येक विनंतीबरोबर एक खूणक्रमांक पाठवावा. तोच क्रमांक १० मिनिटांच्या आत पुन्हा आला तर सेवा ती कृती दुसऱ्यांदा करत नाही. नेटवर्क तुटून विनंती पुन्हा गेली तर संख्या दोनदा वाढत नाही, ती यामुळे.

## दुसऱ्या सेवांवर हीच आखणी

ॲझ्युर टेबल स्टोरेजमध्ये पार्टिशन की आणि रो की (सॉर्ट कीच्या जागची) एवढ्या दोनांवरच इंडेक्स असतो, दुय्यम इंडेक्स मिळत नाही. तिथे तीच माहिती दुसऱ्या रो कीखाली पुन्हा लिहावी लागते. एका पार्टिशनमधल्या १०० पर्यंत नोंदी एकगठ्ठा लिहिता येत असल्याने दोन्ही प्रती जुळलेल्या राहतात. उलट्या क्रमाने वाचण्याची सोय नाही, म्हणून ‘नवे आधी’ हवे असेल तर कमाल वेळेतून आत्ताची वेळ वजा करून तो आकडा, शून्ये भरून, रो कीच्या सुरुवातीला ठेवतात. आणि # हे चिन्ह तिथल्या किल्ल्यांत चालतच नाही. दुसरा विभाजक घ्यावा.

फायरस्टोअरच्या डेटास्टोअर मोडमध्ये नाते किल्लीच्या वंशमार्गात व्यक्त होते: शीर्षक ३१७, त्याच्या पोटी प्रत २. हा मार्ग नोंद तयार होताना ठरतो आणि पुढे बदलत नाही. म्हणून प्रतीला शीर्षकाच्या पोटी घालणे योग्य, पण प्रतीला धारकाच्या पोटी घालणे चूक. इथे किल्ल्यांचा हॅश होत नाही, त्या क्रमानेच पसरलेल्या असतात. तेव्हा वेळेने किंवा चढत्या क्रमांकाने सुरू होणारी किल्ली सगळे लेखन एका टोकाला नेते. क्रमांक सेवेकडून आपोआप घ्यावेत, ते मुद्दाम विखुरलेले असतात. नव्या प्रकारच्या नोंदींवरचा भारही हळूहळू चढवावा: सेकंदाला ५०० कृतींपासून सुरुवात आणि दर ५ मिनिटांनी ५० टक्के वाढ, अशी गूगलची शिफारस आहे.

## पायरी ७: भरून पाहणे आणि पुढे बदलणे

आखणी कागदावर झाली की पहिल्या पायरीतल्या यादीकडे परत यावे आणि प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ लिहावी: टेबल की इंडेक्स, पार्टिशन की काय, सॉर्ट कीवर कोणती अट, ताजे की शिळे. ज्या प्रश्नापुढे ‘फिल्टर’ लिहावे लागले तो लाल करावा. मग खोटा डेटा भरावा, आणि तो एकसारखा भरू नये. एक सभासद हजारो देवघेवींचा, एक शीर्षक शेकडो प्रतींचे, एक लेखक भरमसाठ पुस्तकांचा असा मुद्दाम घालावा, कारण आखणी मोडते ती अशाच नोंदींवर. प्रत्येक क्वेरीबरोबर खर्च झालेली एकके मागवता येतात. ती त्या ओळीपुढे लिहून ठेवावीत.

प्रत्येक नोंदीत ‘प्रकार’ आणि ‘आवृत्ती’ अशी दोन ॲट्रिब्यूट पहिल्या दिवसापासून असावीत. नवा प्रश्न उद्भवला तर आधी नवे लेखन इंडेक्सची ॲट्रिब्यूट भरून होऊ द्यावे, त्यानंतर स्कॅन करून जुन्या नोंदींवर ती भरावीत, आणि हे भरणे ‘आवृत्ती जुनी असेल तरच’ या अटीने करावे, म्हणजे मधल्या काळात कोणी बदललेली नोंद जुन्या माहितीने झाकली जाणार नाही. मूळ किल्लीच बदलायची वेळ आली तर नव्या किल्लीच्या नोंदी शेजारी लिहाव्यात, काही काळ दोन्हीकडे लेखन चालू ठेवावे, वाचन एकेक प्रश्न घेऊन नव्या किल्ल्यांवर न्यावे, आणि जुन्या पट्ट्यावर एकही वाचन उरले नाही हे वाचनांच्या लॉगमध्ये दिसल्यावरच तो पुसावा.